श्रेणीची अक्षयनीवी



ज्ञातिसंस्था ही अलीकडची कल्पना, असा तरुणांचा समज दिसतो. त्यांनी जुन्नरची लेणी अवश्य पाहावीत. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचा तेथे लेख आहे. दात्याचे नाव एकच : श्रेणी.

नाशिकच्या लेण्यात याहून मोठा धडा आहे. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेविले. वर्षाचे व्याज २४०. त्यातून वर्षावासातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज भोगावयाचे, ही अट शिळेवर कोरलेली आहे. हीच अक्षयनीवी.

तुकोबांची पालखी आषाढी वारीत आकुर्डीस मुक्कामाला असते, तेव्हा वारकऱ्यांना आपण जे अन्नदान करितो, तेही निधीच्या व्याजातूनच. यंदा मुद्दलातून मोठा मंडप घालावा, अशी सूचना आली. आम्ही जन्मभर मुलांना व्याजाची उदाहरणे घातली. तरीही त्या सूचनेस आम्हीच हात वर केला. तो हात आज आम्ही खाली घेतो. मंडप लहान असो. पंगत मोडू नये, एवढीच प्रार्थना.