विटांवरचे ठसे



अमेरिकेच्या दक्षिणेतलं चार्ल्स्टन हे बंदराचं शहर. पर्यटक तिथे जुन्या हवेल्या पाहायला जातात. कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगणारे वाटाडे मात्र त्या हवेल्यांच्या विटा जवळून दाखवतात. काहींवर त्या थापणाऱ्या गुलामांच्या बोटांचे ठसे आहेत. गुलामांचा जुना बाजार आता संग्रहालय आहे. १८२२ मध्ये उठावाचा कट रचल्याबद्दल डेन्मार्क व्हेसीसह ३५ जणांना याच शहरात फाशी झाली.

आणखी एक नाव मी मुद्दाम सांगतो, ओमर इब्न सईद. पश्चिम आफ्रिकेतला हा शिकलेला मुसलमान १८०७ मध्ये इथेच विकला गेला. १८३१ मध्ये त्यानं अरबीत आत्मकथा लिहिली. ती आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपली आहे.

मालकांची नावं दारावर असतात, राबणाऱ्यांची कुणीतरी सांगावी लागतात. आपल्याकडे खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबरही आफ्रिकेतून आणलेला गुलामच होता. त्या शहरातल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? येत्या रविवारी दहा मुलं गोळा करा, आपल्याच मोहल्ल्यातून चाला आणि ‘हे कुणी बांधलं?’ एवढंच विचारत जा.