गोळीबाराचा हिशेब
(सांगवी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



१५ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीचे पोलीस जामिया मिल्लिया इस्लामिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरले आणि तेथील विद्यार्थ्यांवर त्यांनी लाठ्या चालविल्या. नागरिकत्व कायद्याच्या दुरुस्तीविरुद्ध विद्यार्थ्यांचे आंदोलन चालू होते. बाहेर रस्त्यावर दंगल झाली, असे सरकारने सांगितले. परंतु पुस्तकासमोर बसलेल्या मुलावर लाठी का उगारली, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. सभा भरविण्याचा हक्क संविधानाने दिला आहे, हे विद्यार्थी शाळेत शिकतो. त्याच हक्कापायी पाठीवर वळ उठले, की पुस्तक आणि सरकार यांतले एक खोटे आहे, हेही तो शिकतो.

दिल्ली दूर आहे, असे म्हणून आपली सुटका नाही. सांगवीच्या कडेने वाहणाऱ्या या पवनेचे पाणी धरणातून बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याची योजना आखली गेली, तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी, ऐन क्रांतिदिनी, ते बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक ठार झाले. त्यांत एक स्त्री होती. पुढे योजनेला स्थगिती मिळाली, चौकशी आयोगही नेमला गेला. परंतु जो प्रश्न गावकऱ्यांसमोर बसून सोडवायचा, तो गोळीने अधिकच चिघळला. पाणी आपल्या शहरासाठी होते, हे आपण तरी विसरू नये.

सरकार दुसऱ्याचे असले म्हणजे निषेध करणे सोपे असते. ऑगस्ट १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये आपल्याच विचारांचे, प्रजा समाजवादी पक्षाचे मंत्रिमंडळ होते. तेथे निदर्शकांवर गोळीबार झाला. पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया त्या वेळी तुरुंगात होते. तेथून त्यांनी स्वपक्षाच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा मागितला. मंत्रिमंडळाने तो दिला नाही. पुढे पक्ष फुटला, त्यामागे हा वादही होता. सत्ता राखून पक्षाने काय गमावले, याचा विचार प्रत्येकाने करावा.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक गोळीबाराची व लाठीमाराची चौकशी स्वतंत्र आणि मुदतबंद व्हावी, अहवाल जनतेसमोर यावा, आणि हुकूम देणाऱ्याला जाब द्यावा लागावा. उद्या सत्ता आपल्या हाती आली, तरी या मागणीतला एक शब्दही आपण बदलता कामा नये. जनतेचा विश्वास मिळविण्याचा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही.