मारहाणीचा खटला किरकोळ नसतो



वकिलांच्या परिषदेत अध्यक्षाने मोठ्या घटनात्मक प्रश्नांवर बोलावं असा प्रघात आहे. मी आज आपल्या बोर्डावरच्या मारहाणीच्या खटल्यावर बोलणार आहे.

रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून, बांधीच्या पाण्यावरून भांडण होतं. काठी उचलली जाते, कधी कुऱ्हाडीचा दांडा. ठाण्यात फिर्याद होते, जखमीला ग्रामीण रुग्णालयात पाठवतात, आणि पुढचं बरंचसं डॉक्टरांच्या दाखल्यावर ठरतं. हत्यार नसेल आणि दुखापत साधी असेल, तर अदखलपात्र नोंद होऊन फिर्यादी घरी परततो. हाड मोडलं किंवा दात पडला, तर गंभीर दुखापत. तीव्र वेदना किती दिवस राहिल्या, नित्याची कामं किती दिवस बंद पडली, हीही गंभीर दुखापतीची कसोटी आहे. जुन्या दंड संहितेत ती 20 दिवसांची होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 15 दिवसांची झाली. रोवणीत 15 दिवस वाकता आलं नाही, तर मजूर बाईचा हंगाम बुडतो. पण दाखला मिळतो पहिल्याच दिवशी. पंधरा दिवसांनी तिची पुन्हा तपासणी झाली नाही, तर हे कलम तिच्यापर्यंत पोचतच नाही. जखमीच्या वकिलाने त्यासाठी तपास अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करायला हवी.

या भंडारा जिल्ह्यात मारहाणीच्या खटल्याबद्दल बोलताना खैरलांजी टाळता येणार नाही. 29 सप्टेंबर 2006 चं हत्याकांड साऱ्या देशाला ठाऊक आहे. त्याच्या आधीचा खटला मात्र फारसा कुणाच्या लक्षात नाही. 3 सप्टेंबरला शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली होती. खैरलांजीतल्या दलित कुटुंबातल्या सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियंका यांनी मारणारे कोण ते पोलिसांना सांगितलं. 29 तारखेला त्या आरोपींना अटक झाली, मोहाडीच्या न्यायालयातून त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या घरावर चालून गेला. सुरेखाताई, प्रियंका आणि सुरेखाताईंचे मुलगे रोशन व सुधीर या चौघांना ठार मारण्यात आलं. वाचले ते एकटे सुरेखाताईंचे पती भैयालाल.

पुढे 24 सप्टेंबर 2008 रोजी इथे भंडाऱ्यात सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. 14 जुलै 2010 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांचा सश्रम कारावास ठरवला. दलित-आदिवासींवरील अत्याचारांविरुद्धच्या ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा दोन्ही ठिकाणी शाबीत धरला गेला नाही. ही सल भैयालाल 2017 साली जग सोडून गेले तरी उरली आहे. त्या निकालावर पुष्कळ बोललं गेलं. मला विचारायचं आहे ते पहिल्या, मारहाणीच्या खटल्याबद्दल. जामीन मागणं हा आरोपीचा हक्क आहे, त्याच्या बाजूने आपण सगळेच उभे राहतो. पण तो सुटून ज्या गावात परततो, त्याच गावात त्याच्याविरुद्ध बोललेली बाई राहते, याची नोंद त्या दिवशीच्या रोजनाम्यात कुठे होते?

तेव्हापासून कायदा थोडा पुढे सरकला आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात 15-अ हे कलम आलं. जामिनाच्या वेळी पीडिताला कळवणं आणि त्याचं म्हणणं ऐकणं आता बंधनकारक आहे. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. त्यासाठीचा अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या समितीकडे करता येतो. पण ही योजना मुख्यतः सात वर्षांपर्यंत वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. साध्या मारहाणीचा साक्षीदार तिच्याबाहेर राहतो. म्हणजे मोहाडीतल्या त्या पहिल्या खटल्यासारखा खटला उद्या उभा राहिला आणि त्याला ॲट्रॉसिटीचं कलम लागलेलं नसलं, तर साक्षीदार बाई आजही जवळपास तितकीच एकटी असेल.

म्हणून साक्षीदार फितूर होतो. सरतपासणीत तो खाली बघत सांगतो, "साहेब, अंधार होता, कोनं मारलन काई दिसला नाही." सरकारी वकील त्याला फितूर घोषित करतात, दोन-चार प्रश्न विचारतात आणि खटला निर्दोष सुटकेवर संपतो. त्या माणसाला खोटारडा म्हणायला माझी जीभ धजत नाही. परतीच्या एसटीत आरोपीचा भाऊ त्याच्या शेजारच्या बाकावर असतो.

तडजोडीचंही असंच. साधी दुखापत जखमीच्या इच्छेने मिटवता येते, गंभीर दुखापत न्यायालयाच्या परवानगीने. लोकअदालत आहे, 2007 पासून तंटामुक्त गाव समित्या आहेत. भावाभावांचा तंटा मिटून दोन्ही घरांत पुन्हा येणं-जाणं सुरू होतं, ते कोणत्याही शिक्षेपेक्षा मोलाचं आहे. अशी तडजोड घडवणाऱ्या वकिलाबद्दल मला आदर वाटतो. परंतु पुरशिसवर अंगठा घेण्याआधी जखमीला बाजूला नेऊन, त्याच्या गावचा एकही माणूस जवळ नसताना, "तुला हे मनापासून हवं आहे का?" असं कुणीतरी विचारलं पाहिजे. समिती प्रतिष्ठितांची आणि जखमी त्यांच्याच शेतावरचा मजूर असेल, तर हा प्रश्न टाळून चालणार नाही.

दोष सिद्ध झाल्यावर काय होतं? बहुतेकदा दंड, किंवा न्यायालय उठेपर्यंतची शिक्षा, किंवा 1958 च्या परिविक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका. पहिल्याच गुन्ह्यात तरुण पोराला तुरुंगात टाकू नये, हे मला मान्य आहे. पण दंड सरकारजमा होतो. ज्याचा हात मोडला, त्याच्या दवाखान्याच्या खर्चाचं काय? नुकसानभरपाईची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 357 मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 395 मध्ये आहे. परिविक्षेवर सोडतानाही भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. 2013 साली अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरपाईचा विचार प्रत्येक फौजदारी खटल्यात व्हायलाच हवा. आपल्याच राज्यातून गेलेला हा निकाल आपल्याच युक्तिवादात क्वचित ऐकू येतो.

दुसरं, याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 125, जुनं 106. मारहाणीत दोषी ठरलेल्याकडून शिक्षा सुनावतानाच तीन वर्षांपर्यंत शांतता राखण्याचं बंधपत्र घेता येतं. खटला चालू असताना धोका दिसला, तर कलम 126 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तीच आपली चॅप्टर केस. गावात परतणाऱ्या साक्षीदाराच्या हाती आज ही दोनच साधनं आहेत, आणि दोन्हींसाठी कुणीतरी अर्ज लिहावा लागतो.

तेव्हा या परिषदेने दोन मराठी नमुने तयार करावेत, एक भरपाईच्या अर्जाचा आणि एक बंधपत्राच्या मागणीचा, आणि ते सातही तालुक्यांच्या वकील संघांत पोचवावेत. तिसरी विनंती सरकारी वकिलांना आहे: आरोपीला जामीन मिळाला, की त्याच दुपारी फिर्यादीला आणि साक्षीदारांना फोन जाईल अशी व्यवस्था पोलीस ठाण्याशी बोलून लावावी. याचा ठराव आज दुपारच्या सत्रात मी स्वतः मांडणार आहे.