दार मोडलं तर रात्र कशी निभवायची?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर सुताराचं काम, आम्हाला कशाला सांगता? पण दार मोडतं तेव्हा सुतार हाताशी नसतो. वळीव येतो संध्याकाळी. कारभारी कारखान्यावर पाळीला गेलेले असतात, नाहीतर रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी धरायला. घरात आपण, पोरं आणि म्हातारी माणसं. नेमकं तेव्हाच खिडकीचं तावदान फुटतं, दाराची बिजागरी उखडते. सुतार उद्या येईल, परवा येईल. मधली रात्र मात्र आपल्यालाच काढायची असते. त्या एका रात्रीपुरतं दार-खिडकी कशी बंद करायची, एवढंच आज बोलू.

आपल्याकडे डागडुजी मृगाच्या आधी करायची रीत आहे. पण २०२५ चा मे महिना आठवा. मॉन्सून केरळातच २४ मे ला, म्हणजे नेहमीपेक्षा आठ दिवस आधी पोचला. २५ मे ला बारामती आणि इंदापूर तालुक्यात असा पाऊस कोसळला की पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला आणि घरांत पाणी शिरलं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. मृग अजून लांब होता, आणि पुष्कळ घरांची दारं-खिडक्या उन्हाळ्यात होत्या तशाच होत्या. वडगाव निंबाळकर, मुरूम, कोऱ्हाळे हा आपला सगळा पट्टा त्याच कालव्याकाठचा. म्हणून ही तयारी जूनची नाही, एप्रिलची समजा.

आता पहिली गोष्ट. फुटक्या खिडकीतून पाऊस आत येतो, हे सगळ्यांना दिसतं. पण पावसापेक्षा जास्त नुकसान करतो तो आत शिरलेला वारा. समोरच्या बाजूनं वारा घरात घुसला आणि त्याला बाहेर जायला वाट मिळाली नाही, की तो छताला खालून ढकलतो. वरून जाणारा वारा पत्र्याला ओढतच असतो. खालून ढकलणं आणि वरून ओढणं एकत्र आलं की जे-हुक सुटतात आणि पत्रा उडतो.

जोर किती असतो तेही सांगते. ताशी शंभर किलोमीटरचा वारा चार बाय तीन फुटांच्या खिडकीवर साधारण पन्नास किलोचा जोर लावतो, म्हणजे सिमेंटचं एक भरलेलं पोतं. दहा बाय बाराच्या खोलीचं छत धरलं तर तो हिशोब दहा पोत्यांवर जातो. वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं तेव्हा वारा ताशी शंभर ते एकशे दहा किलोमीटरचा होता. वादळ कोकणातलं, पण आपल्या पुणे जिल्ह्यातही मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडे घरांचे पत्रे उडाले. आपला वळीव इतका वेळ टिकत नाही, पण त्याचा एखादा झोत पत्रा उचलायला पुरतो.

काही जणी सांगतात, वारा आला की समोरची खिडकी पण उघडून द्यावी, म्हणजे वारा निघून जातो. असं करू नका. वारा दिशा बदलतो, आणि मग दोन्हीकडून आत येतो. सगळ्या खिडक्या बंद ठेवा, आणि फुटलेली बंद करता येईल तेवढी लवकर बंद करा.

पण फळी हातात घ्यायच्या आधी चार कामं आहेत.

पहिलं, माणसं. पोरांना आणि म्हाताऱ्यांना फुटलेल्या खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत बसवा. वादळ ऐन जोरात असताना बाहेर जाऊन ठोकाठोक करायची नाही. उडता पत्रा माणसाचा जीव घेतो. तोवर आतून लाकडी खाट किंवा कपाट खिडकीला आडवं लावा. वारा ओसरला की मग बाहेर पडा.

दुसरं, लाईट. भिंत ओली झाली असेल, बोर्डात पाणी गेलं असेल, तर मेन स्विच बंद करा. तोही कोरड्या हातानं, पायात चप्पल घालून. मेन स्विचच ओला असेल तर हात लावू नका. तार तुटून पत्र्यावर किंवा दारावर पडली असेल तर जवळ जाऊ नका, कुणाला जाऊ देऊ नका, आणि महावितरणच्या १९१२ नंबरला फोन करा.

तिसरं, काच. पायात बूट नाहीतर जाड चप्पल, हाताला जाड टॉवेल गुंडाळा. चौकटीत अडकलेले काचेचे तुकडे वरचे आधी काढा, खालचे नंतर. खालचे आधी काढले तर वरचा तुकडा मनगटावर पडतो. तडा गेलेल्या काचेवर चिकटपट्टी आडवी-उभी लावा, खाली पोतं अंथरा आणि मग हलक्या हातानं ठोकून काढा. बारीक कण केरसुणीला सापडत नाहीत. कणकेचा ओला गोळा घ्या आणि फरशीवर टिपत जा, सगळे कण त्याला चिकटतात. तो गोळा आणि काच जुन्या डब्यात घालून झाकण लावा. उकिरड्यात टाकू नका. तिथून काच शेणखतात जाते, खताबरोबर रानात जाते, आणि पुढच्या वर्षी खुरपताना आपल्याच पायात घुसते.

चौथं, फोटो. फळी ठोकायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. एक लांबून, सगळं घर दिसेल असा. एक जवळून, मोडलेली वस्तू दिसेल असा. हा फोटो का लागतो ते पुढे सांगते.

आता खिडकी.

खिडकीला लोखंडी ग्रिल असेल तर काम निम्मं झालंच. प्लायवूड घ्या, जुन्या पलंगाची फळी घ्या, गवंड्याकडची सेंट्रिंगची फळी घ्या. खिडकीपेक्षा चारी बाजूंनी चार-चार बोटं मोठी हवी. फळीला भोकं पाडा आणि बांधकामाची तार ग्रिलमधून ओवून पकडीनं पिळा. भिंतीला एकही खिळा मारावा लागत नाही.

ग्रिल नसेल आणि लाकडी चौकट असेल तर फळी चौकटीवर ठेवून स्क्रू मारा, दर फुटाला एक. स्क्रू नसतील तर खिळे चालतात, पण स्क्रू जास्त धरतो आणि काढताना चौकट फुटत नाही.

चौकटही उखडली असेल, किंवा भिंत दगड-मातीची असेल, तर खिळा धरणारच नाही. तिथं दोन वाशांची युक्ती करा. बाहेरून फळी लावा. आतून खिडकीच्या रुंदीपेक्षा हातभर लांब वासा आडवा धरा, म्हणजे तो दोन्ही बाजूंना भिंतीवर टेकेल. फळीच्या भोकांतून तार आत घ्या, वाशाभोवती फिरवा आणि पिळत जा. फळी बाहेरून, वासा आतून, मध्ये भिंत आवळली जाते. वाऱ्यानं ढकललं तरी फळी हलत नाही, ओढलं तरी सुटत नाही.

फळीच नसेल तर ताडपत्री. शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा मिळाला तर त्याहून चांगला, तो सहजी फाटत नाही. पण कागदात नुसता खिळा मारू नका, वाऱ्यानं तिथूनच फाटत जातो. कागदाची कड लाकडी पट्टीभोवती दोन वेढे गुंडाळा आणि पट्टीला खिळे मारा. पट्टी नसेल तर जुन्या ठिबकच्या नळीचे किंवा सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून खिळ्याखाली घाला. दोन कागद जोडायचे झाले तर वरचा कागद खालच्यावर वीतभर यायला हवा, कौलं घालतो तसा. नाहीतर पाणी जोडातून आत येतं.

एक लक्षात ठेवा. कागद पाऊस अडवतो, जोराचा वारा अडवत नाही. वादळ परत येणार असेल तर फळीच हवी.

आता दार.

दाराचं काम वेगळं, कारण दार नुसतं बंद करायचं नसतं, आपल्याला त्यातून बाहेरही पडायचं असतं. घराला एकच दार असेल तर ते खिळे ठोकून कधीही बंद करू नका. रात्री गॅस पेटला, भिंत खचली, तर आतली माणसं आतच अडकतील. एक तरी वाट आतून, अंधारात, पोराला उघडता येईल अशी ठेवायची.

कडी-कोयंडा तुटला असेल तर आपल्या आज्यांची पद्धत वापरा, अडसर. दाराच्या दोन्ही बाजूंना चौकटीत लोखंडी आकडे बसवा आणि त्यात आडवा वासा टाका. आकडे नसतील तर पहार किंवा वासा तिरपा लावा. वरचं टोक दाराच्या मधल्या पट्टीखाली, खालचं टोक जमिनीवर. शहाबादी फरशीवर ते घसरतं, म्हणून खाली ओलं पोतं घाला आणि मागं भरलेली धान्याची कोठी सरकवून द्या.

दाराचं खालचं लाकूड कुजलं असेल, फट पडली असेल, तर पोत्याची घट्ट गुंडाळी करून फटीत दाबा. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की साप कोरडी जागा शोधतात. मण्यार रात्री फिरते, आणि तिचा चावा पुष्कळदा झोपेत कळतही नाही. दार मोडलेल्या रात्री कुणीही जमिनीवर झोपू नका. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. चावल्याचा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

आणि सगळं बंद केलेल्या खोलीत चूल किंवा कोळशाची शेगडी पेटवू नका. कोंडलेल्या धुरात झोपलेला माणूस उठत नाही.

वाऱ्यानं नाही, चोरानं दार फोडलं असेल तर? मग क्रम बदलतो. कशालाही हात लावायचा नाही, झाडायचं नाही, कुलूप उचलायचं नाही. ११२ ला फोन करायचा, शेजारणीला हाक मारायची आणि तिच्या घरात बसायचं. पंचनामा झाल्यावरच फळी मारायची. इथं फळीचीही बाजू बदलते. वाऱ्यासाठी फळी बाहेरून लावतात, कारण वारा तिला भिंतीवर दाबून धरतो. चोरासाठी ती आतून लावतात, कारण बाहेरचा स्क्रू बाहेरच्या माणसाला काढता येतो.

आता त्या फोटोचं. वादळ-पुरात घराचं नुकसान झालं तर सरकारी मदत मिळते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्रानं ठरवलेल्या निकषांत सपाट भागातलं पूर्ण पडलेलं घर एक लाख वीस हजार, अंशतः पडलेलं पक्कं घर सहा हजार पाचशे, कच्चं घर चार हजार, घराला लागून असलेला गोठा तीन हजार, असे आकडे होते. पण त्या निकषांत अंशतः म्हणजे किमान पंधरा टक्के नुकसान लागायचं. नुसतं एक दार मोडलं तर ते त्यात बसणं अवघड. दारातून वारा शिरून पत्रेही गेले, भिंत पडली, तर बसतं. ते दाखवायला तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, पंचनामा करायला येतात. ते येईपर्यंत घर उघडं ठेवून भिजत बसायची गरज नाही. आधी फोटो, मग फळी. मोडलेलं दार, वाकलेला पत्रा सरपणात किंवा भंगारात घालू नका, पंचनामा होईपर्यंत बाजूला ठेवा. आणि पंचनाम्यावर सही करायच्या आधी तो वाचून घ्या, नाहीतर वाचून दाखवायला सांगा.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. प्रत्येक घरात एवढं सामान नसतं, असायची गरजही नाही. गटात एक पेटी हवी. हातोडा, पक्कड, हातकरवत, पेचकस, दोन-तीन मापांचे खिळे आणि स्क्रू, बांधकामाची तार, नायलॉन दोरी, चिकटपट्टी, बॅटरी, जाड हातमोजे, एक ताडपत्री. चार-पाच फळ्या आणि दोन वासे कुणाच्या तरी गोठ्यात कोरड्या जागी. गटाच्या बचतीतून एकदा घेतलं की वर्षानुवर्षं पुरतं. पेटी कुणाच्या घरी आहे ते सगळ्यांना माहीत हवं. किल्ली दोघींकडे हवी, कारण एक जण माहेरी गेलेली असू शकते.

पेटीच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवा. त्यावर फोनचे नंबर लिहा, १९१२, ११२, १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७. त्याखाली गावातल्या ज्या घरात एकटी म्हातारी राहते, जिथं बाळंतीण आहे, जिथं नुकतंच कारभारी गेलेत, त्या घरांची नावं लिहा. वादळानंतर पेटी आधी त्या दारांत जायची. जिच्या हाताला जोर आहे ती आपलं दार कसंतरी लावते. जिच्या हाताला जोर नाही ती रात्रभर दाराला पाठ लावून बसते, आणि सकाळी कुणाला सांगतही नाही.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं यासाठी काढा. एक जुनी फळी आणा, तार आणा, आणि बैठक असेल त्या घराच्या खिडकीवर बांधून बघा. प्रत्येकीनं एकदा तार पिळून बघायची. ज्या हातांनी पेंढ्यांच्या मोळ्या आवळल्या त्यांना हे अवघड नाही. पण पहिल्यांदा करायची वेळ अंधारात, भर पावसात येऊ नये, एवढ्यासाठी आधी उजेडात करून बघायचं.

काळजी घ्या, आणि एकमेकींच्या दारावर लक्ष ठेवा. नमस्कार.