रात्रीचा गोळा

(गणेशोत्सवात आरतीपूर्वी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने विषय विचारला तेव्हा मी मधुमेहावर किंवा हृदयविकारावर बोलेन, अशी कार्यकारिणीची अपेक्षा होती. मी म्हटलं, रात्री पोटरीत गोळा येतो, त्यावर बोलतो. दोघं-तिघं हसले. पण त्यातल्याच एकाने मागाहून हळूच विचारलं, "डॉक्टर, त्यावर खरंच काही औषध आहे का हो?" तेव्हा विषय पक्का झाला.

गोळा म्हणा, पेटका म्हणा, वांब म्हणा. आपले कन्नड शेजारी सेळेत म्हणतात. दुखणं एकच. मध्यरात्री पोटरी एकदम आवळते, हाताला दगडासारखी लागते, आणि माणूस ओरडत उठतो. काही सेकंदांत किंवा काही मिनिटांत ती सुटते; ठणका मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. यातून पायाचं कायमचं नुकसान होत नाही. मग त्यावर भाषण कशाला? दोन कारणं आहेत. एक म्हणजे, गोळा आला की माणूस अंथरुणातून उडी मारतो. मे २००८ मध्ये विमानतळ सुरू झाला, आणि त्यानंतर देवनहळ्ळीत आपली मराठी घरं वाढली. गावाकडचे आईवडील चार-सहा महिने मुलाकडे राहायला येतात. नवा फ्लॅट, गुळगुळीत फरशी, अंधारात दिव्याचं बटण सापडत नाही, आणि एका पायावर भार. गोळा पाच मिनिटांत गेला असता, पण पडून खुब्याचं हाड मोडलं तर सगळ्या घराचं वर्ष बदलतं. दुसरं कारण म्हणजे त्यावर घेतली जाणारी औषधं. त्याकडे नंतर येतो.

गोळा रात्रीच का येतो? झोपेत आपला पाय कसा असतो ते आठवा. चवडा खाली झुकलेला, म्हणजे पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला. पांघरूण पायाशी घट्ट खोचलेलं असेल तर चवडा आणखी दाबला जातो. अशा आखडलेल्या स्नायूने झोपेत जरा जोर केला की तो आवळतो आणि सुटायचं विसरतो. स्नायूला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंचा हा अतिउत्साह आहे, असं आज मानतात. पन्नाशीनंतर हा त्रास वाढतो, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो फार जणींना होतो. बहुतेकांच्या बाबतीत त्यामागे कुठलाही आजार सापडत नाही. टाचा टेकवून उकिडवं बसण्याची सवय गेली आणि पोटऱ्या आखूड झाल्या, असंही एक मत मांडलं गेलंय. ते सिद्ध झालेलं नाही, पण मला पटतं. कमोडने आपल्याला सोय दिली, तसं थोडं काढूनही घेतलं असावं.

आता गोळा आल्यावर काय करायचं? उठायचं नाही. अंथरुणातच गुडघा सरळ करायचा, चवडा हाताने धरून नडगीच्या दिशेने ओढायचा आणि तसाच धरून ठेवायचा. हात पोचत नसेल तर पंचा किंवा ओढणी चवड्याला अडकवून दोन्ही टोकं आपल्याकडे ओढायची. गुडघा सरळच हवा. पोटरीचा वरचा स्नायू गुडघा ओलांडून मांडीच्या हाडाला चिकटलेला असतो. गुडघा वाकलेला असेल तर तो पुरता ताणला जात नाही. गोळा सुटला की चोळा, गरम पाण्याची पिशवी ठेवा. पंचा उशाशी ठेवा आणि रात्रीचा छोटा दिवा चालू ठेवा. वृद्ध माणसांच्या खोलीत हे दोन्ही असलंच पाहिजे.

गोळा येऊच नये म्हणून झोपण्याआधी पोटरी आणि मांडीचा मागचा भाग ताणून घ्यावा. नेदरलँड्समध्ये पंचावन्न वर्षांवरच्या ८० जणांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी सहा आठवडे रोज झोपण्यापूर्वी हा व्यायाम केला, त्यांचे गोळे इतरांच्या मानाने रात्रीला साधारण एकाने कमी झाले. २००५ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात मात्र असा फायदा दिसला नव्हता, हेही सांगायला हवं. तरीही मी हा व्यायाम सांगतो, कारण त्याला पैसे लागत नाहीत, तीन-चार मिनिटांत होतो, आणि त्याने अपाय होत नाही.

अपाय करू शकणारं औषध आहे क्विनाइन. मलेरियाचं हे कडू औषध गोळ्यावर पुष्कळ वर्षं दिलं जात होतं, आणि त्याने थोडा फरक पडतोही. पण काही जणांच्या रक्तातल्या प्लेटलेट्स त्याने एकाएकी घसरतात, हृदयाची लय बिघडते, आणि हे कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. १९९४ साली अमेरिकेने गोळ्यासाठी क्विनाइनच्या चिठ्ठीविना विक्रीवर बंदी आणली आणि २००६ मध्ये नियम आणखी कडक केले. जुन्या चिठ्ठीवर कुणी ते अजून आणत असेल, तर उद्याच आपल्या डॉक्टरांना विचारा.

मॅग्नेशियमच्या गोळ्यांची जाहिरात आज मोबाईलवर दर दहा मिनिटांनी येते. उपलब्ध चाचण्यांचा २०२० साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात वयस्क माणसांना मॅग्नेशियमचा विशेष उपयोग होण्याची शक्यता कमी दिसली. जुलाब मात्र होऊ शकतात, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते अंगात साठतं. के-२ जीवनसत्त्वाचा २०२४ सालचा एक चिनी अभ्यास आशादायक आहे. पण एका अभ्यासावर मी रोजची गोळी सुचवणार नाही, आणि वॉरफरीन घेणाऱ्यांनी तर त्याला हातही लावू नये.

मिठाच्या पाण्याचं काय, असं कुणी विचारेलच. १९२० च्या दशकात जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने इंग्लंडच्या कोळसा खाणींत घाम गाळणाऱ्या कामगारांचे पेटके अभ्यासले. घामातून मीठ जातं आणि वर नुसतं पाणी पिऊन भागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. (यांचेच चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) तेव्हा नंदी हिल्सच्या पायऱ्या चढून आलात किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत तीन तास ढोल वाजवलात, तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी जरूर घ्या. दिवसभर एसीत बसून रात्री येणारा गोळा हा त्या जातीचा नव्हे. त्यासाठी रक्तदाबाच्या माणसाने मीठ वाढवणं म्हणजे भलतंच.

आता ज्यांच्या रोजच्या गोळ्यांचा डबा भरलेला आहे, त्यांनी जरा लक्ष द्यावं. लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधं आणि दम्याचे काही इनहेलर यांच्यामुळे गोळ्यांचं प्रमाण वाढू शकतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. गोळे कधीपासून सुरू झाले आणि त्या सुमारास कुठलं औषध नवं लागलं, एवढं कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. बरेचदा पर्याय निघतो.

यातच आपल्या देवनहळ्ळीची खास गोष्ट आहे. इथल्या चक्कोतेला, म्हणजे आपल्या पपनसाला, जीआय मानांकन आहे. फळ उत्तम, गौरीच्या आराशीत तर ते हवंच. पण पपनस ग्रेपफ्रूटच्या कुळातलं आहे, किंबहुना पपनस आणि संत्रं यांच्या संकरातूनच ग्रेपफ्रूट झालं. ग्रेपफ्रूटमुळे सिम्व्हास्टॅटिन, ॲटोर्व्हास्टॅटिनसारख्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, आणि प्रमाण वाढलं की स्नायूंना इजा होण्याचा धोकाही वाढतो. पपनसातही तीच द्रव्यं असतात. प्रसादाच्या दोन फोडींनी कुणाला काही होणार नाही. पण कुणी रोज अर्धं पपनस खात असेल, स्टॅटिनही घेत असेल आणि पाय दुखत असतील, तर डॉक्टरांना हे फळ आठवणीने सांगा. लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी जा.

शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, विशेषतः विमानाने ये-जा करणाऱ्यांसाठी. प्रत्येक पायदुखी म्हणजे गोळा नव्हे. गोळा येतो आणि जातो. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली आणि दुखणं तासन् तास तसंच राहिलं, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. लांबचा विमानप्रवास, ऑपरेशन, बाळंतपण किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळणं, यांच्यानंतर तर हा संशय आधी घ्यावा. अशा वेळी पोटरी चोळत बसू नका, ताणूही नका. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर दोन मिनिटांत मोकळी होते, हे वेगळं दुखणं आहे. ते रक्तवाहिनी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. तंबाखू आणि विडी-सिगारेटवाल्यांनी, मधुमेहींनी ते अंगावर काढू नये. आणि पायात गोळा येत नाही, पण सारखे पाय हलवावेसे वाटतात, हलवले की बरं वाटतं, अशांना लोह कमी आहे का ते तपासून घ्यावं लागतं.

आरतीला अजून पंधरा मिनिटं आहेत, तेव्हा व्यायाम आत्ताच करून घेऊ. सर्वांनी उठून भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहा. ज्यांचा तोल जातो त्यांनी खुर्चीवर बसून पंच्याने करा, कार्यकर्ते पंचे देतील. दोन्ही तळवे भिंतीला, एक पाय पुढे, एक मागे. मागच्या पायाचा गुडघा सरळ, टाच जमिनीला टेकलेली. आता कमरेतून न वाकता पुढे झुका. पोटरीत ताण आला पाहिजे, कळ नको. दहापर्यंत सावकाश मोजा, सोडा, तीनदा करा. मग पाय बदला. आजोबा, टाच उचलली जातेय, ती खाली राहू द्या.