बालमामुसाचा हुकूम

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



यंदा कशावर बोलणार, असं चिटणीसांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, व्हिडिओ गेमवर. ते हसले. मागच्या खेपेला मी नाना फडणीसांवर बोललो होतो, तेव्हा त्यांचं हसणं रास्तच. पण उन्हाळ्यात नात इंदूरला आली आणि महिनाभर आमच्या टीव्हीवर एकच खेळ चालू राहिला. पहिले चार दिवस मी कुरकुरलो. पाचव्या दिवशी खुर्ची पुढे ओढली.

खेळाचं नाव ‘टॅक्टिक्स ओगर’. जपानमधल्या क्वेस्ट कंपनीनं तो १९९५ साली काढला, कर्ते यासुमी मात्सुनो. नात खेळत होती ती २०२२ची नवी आवृत्ती. पट बुद्धिबळासारखा चौकोनांचा, पण उंचसखल. उंचावरच्या तिरंदाजाचा बाण लांब जातो, पाठीमागून घातलेला घाव जास्त लागतो. बुद्धिबळात एकदा तू, एकदा मी. इथं ज्याच्या अंगावर चिलखताचं ओझं कमी त्याची पाळी लवकर येते. आणि पडलेल्या शिपायाला वेळेत उठवलं नाही तर तो कायमचा जातो. प्यादं गेलं तर आपण हळहळत नाही. इथं त्याला नाव असतं, म्हणून नात रात्री दीड-दीडपर्यंत एकेकाला वाचवत बसायची.

मला धरून ठेवलं ते गोष्टीनं. व्हॅलेरिया नावाची बेटं. राजा गेलेला, आणि तीन समाज एकमेकांच्या जिवावर उठलेले : दरबारी बाक्रम, संख्येनं मोठे गालगास्तानी आणि सगळ्यांत दुबळे वॉलिस्टर. १९९५ साली यूगोस्लाव्हियाच्या यादवीच्या बातम्या आपण रोज वाचत होतो. त्या सावलीत हे घडलं हे ओळखायला वेळ लागत नाही.

डेनम हा वॉलिस्टर तरुण. त्याची बहीण कॅटिउआ आणि मित्र व्हाइस त्याच्याबरोबर. तिघं मिळून आपल्या समाजाचे पुढारी ड्यूक रॉनवे यांना कैदेतून सोडवतात. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी हेच ड्यूक त्यांना बालमामुसा गावी पाठवतात. तिथं वॉलिस्टर लोक गालगास्तानच्या ताब्यात राहतात. त्यांना उठावासाठी तयार करायचं, पण ते तयार होत नाहीत. मग ड्यूकचा सरदार लिओनार खरा हुकूम सांगतो : यांना कापून काढा आणि आळ गालगास्तानवर टाका, म्हणजे बाकीचे वॉलिस्टर चवताळून उठतील. पडद्यावर दोन ओळी येतात. हो किंवा नाही.

नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही सांगा.”

मी म्हटलं, “विचारायचं काय त्यात? नाही म्हण.” क्षणही लागला नाही मला.

तिनं ‘नाही’ दाबलं. गाव वाचलं नाही. ते काम व्हाइसनं पत्करलं आणि कत्तलीचा आळ डेनमवर आला. मग तिनं आधीच्या नोंदीवरून पुन्हा सुरू करून ‘हो’ दाबून पाहिलं. तेव्हा तोच व्हाइस संतापून म्हणाला, हे मी करणार नाही, आणि विरुद्ध बाजूला गेला. आपण एक वाट धरली की मित्र दुसरी धरतो. पुढे वाटा तीन होतात, चौथ्या प्रकरणात पुन्हा एका रस्त्याला लागतात, त्यात मी शिरत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. इथं बसलेल्या काहींना ठाऊक आहे, मी तरुणपणी एका कापड मिलच्या टाइम ऑफिसात होतो. नाव घेत नाही. बदली कामगारांचे वर्षात २४० दिवस भरले की मालकाला ते जड जायचे. एका संध्याकाळी वरून सांगणं आलं, अकरा जणांच्या मस्टरवर मधले दिवस गैरहजर दाखवा. मी दाखवले. घरी लहान मूल होतं, असं मी स्वतःला सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या मित्रानं पेन खाली ठेवलं. त्याला गोदामात टाकलं, वर्षभरात तो नोकरी सोडून गेला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. समोरासमोर आलो तरी नाही.

सकाळी चहा पिताना मी नातीला सहज विचारल्यासारखं विचारलं, “म्हणजे डेनमनं ‘हो’ म्हटलं म्हणूनच व्हाइस चांगला निघाला, नाही का?” खरं तर मी वकिली करत होतो.

ती बटर बुडवत म्हणाली, “पण आजोबा, गाव तर दोन्हीकडे मरतंच ना.”

त्या अकरा जणांतली चार नावं मला अजून आठवतात. सात आठवत नाहीत.

या नव्या आवृत्तीत एक सोय आहे. गोष्ट एकदा पुरी संपली की ‘वर्ल्ड’ नावाचं पान उलटून हव्या त्या फाट्यावर परत जाता येतं. नातीला ते फार आवडतं. मला ते थोडं फसवं वाटतं, पण हा म्हाताऱ्याचा हेका समजा.

गेल्या महिन्यात मित्राच्या मुलाकडून पत्ता घेतला आणि गेलो. त्यानं ओळखलं. चहा झाला, गुडघ्यांचं झालं, नातवंडांचं झालं. मस्टरचं मी काढलं, तेव्हा त्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला आणि म्हणाला, “पांडू जॉबर गेला, तुला कळलं का?” पांडूचं नाव त्या अकरांत होतं. मला कळलं नव्हतं.

इथंच थांबतो. आरतीची वेळ झाली आहे.