इनायतखानाचें अखेरचें चित्र

मोगल दरबारांतील उमरावांचीं लघुचित्रें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. सपाट पार्श्वभूमि, एका बाजूनें दिसणारा चेहरा, अंगांत तलम जामा, कमरेस वेलबुट्टीचा पटका आणि हातीं तलवार अथवा फूल. असें चित्र माणसापेक्षां त्याचा हुद्दाच अधिक सांगतें. आज ज्या चित्राविषयीं मी बोलणार आहें, त्यांतील पुरुषहि दरबारांतील मोठा अधिकारीच होता. परंतु त्यांत हुद्द्याची एकहि खूण उरलेली नाहीं.

इनायतखान हा जहांगीर बादशहाच्या निकटवर्ती सेवकांपैकीं एक होता. अफू आणि मद्य यांच्या व्यसनानें त्याचा देह पोखरला गेला. १६१८ सालीं त्यानें आग्र्यास जाण्याची अनुज्ञा मागितली, तेव्हां त्याला पालखींतून बादशहापुढें आणावें लागलें. आपल्या आत्मवृत्तांत जहांगीर लिहितो कीं, तो म्हणजे केवळ हाडांवर ताणलेलें कातडें होता. चित्रकार कृश चेहरे रंगविण्याचा खटाटोप करितात, पण याच्या जवळपास जाणारें कांहीं आपण कधीं पाहिलें नव्हतें. बादशहानें चित्रकारांस त्याचें चित्र काढण्याची आज्ञा दिली आणि त्याला प्रवासखर्चासाठीं २,००० रुपये दिले. दुसऱ्याच दिवशीं इनायतखान मरण पावला.

या प्रसंगाचें रेखाचित्र बोस्टन येथील कलासंग्रहालयांत आहे. रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे. खान मोठमोठ्या लोडांस टेकून बसला आहे. छाती उघडी असून बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी. लोड फुगीर व भरदार, आणि त्यांच्यामध्यें तो देह काडीसारखा. दृष्टि मात्र समोर स्थिर आहे.

मरणोन्मुख माणसाला चित्रासाठीं बसविणें ही क्रूरता नव्हे काय? जहांगीराची जिज्ञासा मोठी खरी. १६१२ सालीं गोव्याहून टर्की नांवाचा अपरिचित पक्षी त्याच्याकडे आला, तेव्हां त्याचेंहि बारकाईनें वर्णन लिहून त्यानें तो चितारविला होता. त्याच नजरेनें त्यानें आपल्या सेवकाकडे पाहिलें, हें मनाला बोचल्यावांचून राहत नाहीं.

तथापि दुसरीहि एक बाजू आहे. जहांगीराचे दोघे भाऊ, मुराद व दानियाल, मद्यपानामुळें अकबराच्या हयातींतच गेले. स्वतः तो एके काळीं दिवसास वीस प्याले कडक दारू पीत असे. पुढें प्रमाण सहा प्याल्यांवर आणलें, पण अफूची जोड घेतली. हें सर्व त्यानेंच लिहून ठेविलें आहे. अशा माणसाला त्या पालखींत केवळ एक नवल दिसलें असेल, असें मला वाटत नाहीं. आपलें उद्यांचें रूपहि त्याला तेथें दिसलें असावें.

परंतु या चित्राचें खरें मोल चित्रकाराच्या वृत्तींत आहे. त्याला आज्ञा होती ती एक आश्चर्य टिपण्याची. त्यानें एकहि हाड लपविलें नाहीं; तरी हिडीसपणा कोठेंहि येऊं दिला नाहीं. जामा, पटका व तलवार गेल्यावरहि माणसाची प्रतिष्ठा शिल्लक राहते, हें त्यानें एका शब्दावांचून दाखविलें. वैभवांतल्या कित्येक उमरावांचे चेहरे आपण विसरतों. इनायतखानाचा चेहरा विसरतां येत नाहीं.